देठ तोडू नये

"थांब!"

मी एवढ्यानं ओरडले की वाशावर बसलेली चिमणी उडाली, शेजारच्या घरातून "काय झालं गो?" अशी हाक आली आणि माझ्या भाच्याच्या बायकोच्या, सुमनच्या, हातातली कात्री खाली पडली. साप दिसला तरी मी एवढी ओरडत नाही. साप दिसला की माझा आवाजच जातो.

झालं होतं एवढंच. वैशाखात चार दिवस माहेरी, रत्नागिरीला, गेले होते. सुमन मुलगी टापटिपीची, मुंबईहून या घरात राहायला येऊन तिला महिनाच झालेला. सकाळी सकाळी स्टुलावर चढून ती पडवीतल्या वेलीची साफसफाई करत होती. त्या वेलीला जागोजाग बोटाच्या पेराएवढे खुंट आहेत. त्यांच्यावर पान नाही, फूल नाही, आणि ते दिसतात अगदी वाळून गेल्यासारखे. सुमननं कात्री लावली होती ती त्यांतल्याच एकाला.

"आत्याबाई, वाळकी देठं तर काढतेय," ती घाबरून म्हणाली.

"वाळकी नाहीत ती. खाली उतर. चहा ठेव. सांगते."

आणि मी सांगायला बसले. मला सांगायला बसवणं सोपं आहे, उठवणं अवघड.

एकोणीसशे पंचवीस-सव्वीसचा सुमार असेल. आमचं घर मांडवी बंदराच्या वरच्या अंगाला होतं. जांभ्याच्या भिंती, उतरती कौलं, पुढे लांबलचक पडवी. बाबा मुंबईला गोदीत होते. घरात आई, काकू, मी आणि पाळण्यात माझा धाकटा भाऊ. काका आगबोटीवर तेलवाला होता. इंजिनाला तेल घालत घालत त्यानं अर्धं जग पाहिलं होतं, पण विचारलं तर म्हणायचा, "मी काय बघणार? मी खाली असतो."

त्या वर्षी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एका बोटीनं तो आला. मांडवीवर भोंगा वाजला, किनाऱ्याला लागलेल्या पडावातून माणसं उतरली आणि काका पाखाडीच्या पायऱ्या चढून घरी आला तो काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा धरून. मी डब्यावर झडप घातली. आत माती होती. मातीत जाडजूड, गुळगुळीत पानांची एक वेल.

"वयनी, हे बघा काय आणलंय. सिंगापुराहून!"

आईनं डबा सगळ्या बाजूंनी पाहिला. "भावजी, माणसं तिकडून रेशीम आणतात. तुम्ही पाला आणलात?"

"फुलं येतात तिला. एका बागेतल्या माळ्यानं दिली."

"नाव काय हिचं?"

"होया."

"होय काय? काय होय?"

"होया, वयनी."

"अहो, होय म्हटलं ना! नाव काय ते सांगा."

पुण्याची माणसं नुसतं 'हो' म्हणून मोकळी होतात. आम्ही रत्नागिरीकर शेवटचा 'य' सोडत नाही. त्यामुळे हा संवाद त्या दिवशी बराच वेळ चालला. काकू दारामागे पदर तोंडात धरून हसत होती. तिचं हसणं थांबलं तेव्हा तिनं डबा उचलला आणि पडवीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, खिडकीशी, वाशाला टांगला. तिथे ऊन थेट येत नाही, उजेड मात्र दिवसभर असतो. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. काही माणसांना झाडाची जागा कळते, जशी काहींना मिठाची चिमूट कळते.

काकूनं त्या वेलीचं काय काय केलं! डब्याला खिळ्यानं भोकं पाडली. वरून नारळाच्या सोडणाचे तुकडे, चुलीतला विझलेला कोळसा आणि जांभ्याची बारीक खडी घातली. पाणी रोज नाही. बोट खुपसून बघायचं, माती सुकली असेल तरच. मधूनमधून तांदळाचं धुवण. पावसाळ्यात कौलांची पागोळी लागू नये म्हणून डबा हातभर आत. आणि दर गुरुवारी एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायचं, पुढून आणि मागून. ओल्या सोडणाचा, कोळशाचा आणि फडक्याला लागलेल्या शिकेकाईचा मिळून एक वास यायचा. माझ्या लेखी गुरुवारचा वास तो.

काका बोटीवर परत गेला आणि पंधरा दिवसांत वेल फुलली. छत्री उलटी धरावी तसा तुरा. तुऱ्यात वीसेक फुलं, प्रत्येक फूल म्हणजे एक चांदणी, आणि त्या चांदणीच्या पोटात दुसरी, लाल ठिपक्याची, छोटी चांदणी. हात लावला तर मेण. दिवसा वास नाही. दिवेलागणीला मात्र पडवीत कोणीतरी दूध आटवत ठेवल्यासारखा घमघमाट. आणि फुलांच्या पोटातून मधाचे थेंब गळत. मी खाली जीभ काढून उभी राहायची. मुंग्या माझ्याआधी हजर.

"मेणाचीच हाएत," आई म्हणाली. "माणूस फसेल, देव फसायचा नाय."

पण आईला देवासाठी फूल दिसलं की हात आवरत नसे. तिची पूजा म्हणजे पहाटेची मोहीम. जास्वंद, तगर, अनंत, कोणाच्याही कुंपणाबाहेर आलेली कण्हेर, सगळं परडीत. हे फूल मात्र परदेशी. देवाला चालतं का? काढायचं कसं? काकूनं माझ्याकडून काकाला पत्र लिहून घेतलं.

आता माझी ओळख करून देते. मी तेव्हा मराठी चौथीत. घरात लिहिता-वाचता येणारी एकटी मी. पत्र वाचून दाखवण्याबद्दल मला आंबापोळीचा चौकोनी तुकडा मिळे, त्यामुळे मी या कामाला मोठ्या गांभीर्यानं बसत असे. पाट घ्यायची. घसा साफ करायची. आई पाळण्याची दोरी हातात धरून, काकू चुलीपासून उठून हात पुसत. मी वाचायची ती नुसती वाचायची नाही. वादळ आलं की डोलायची.

पण एक अडचण होती. काका मोडीत लिहायचा. मोडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते: आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्यावर अक्षरं टांगत जायची, दोरीवर कपडे वाळत घालतात तशी, एकाला एक लागून. शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो हे वाचणाऱ्यानं आपल्या अकलेनं ठरवायचं. मास्तर आम्हाला मोडी शिकवत होते, माझी अक्कल मात्र अजून बाळबोध लिपीतच होती. हे मी घरी कबूल केलं असतं तर आंबापोळी बंद.

पावसाळ्याच्या मध्यावर काकाचं उत्तर आलं. दोन पानी. पहिलं पान ठीक होतं. "फुले देवास चालतील. एकेक फूल अलगद काढावे." मग पुढे ही ओळ होती:

देठतोडूनयेपुन्हातेथेचफूलयेते

मी ऐटीत वाचलं, "देठ तोडून..." आणि एक 'ये' उरला. उरलेल्या 'ये'चं करायचं काय? मी त्याचा 'हे' करून टाकला. "देठ तोडून. हे पुन्हा तेथेच फूल येते."

"म्हणजे देठासकट काढायचं," आई म्हणाली.

"होय तर," मी म्हणाले.

दुसरं पान बोट हलत असताना लिहिलेलं असावं. शाई पसरली होती, अक्षरं एकमेकांच्या अंगावर कोसळली होती. मला त्यातलं अक्षर लागेना. समोर दोघीजणी कान देऊन बसलेल्या. मी एक श्वास घेतला आणि कागदाकडे बघत एक देवमासा सोडला. आमच्या घराएवढा. तो बोटीच्या बाजूबाजूनं तीन दिवस पोहत आला आणि चौथ्या दिवशी काकाकडे बघून त्यानं एक डोळा मिटला.

"अग्गो बाय!" आई म्हणाली. काकूनं मला आंबापोळीचे दोन तुकडे दिले.

त्या दिवसापासून आई फूल उमललं की देठासकट खुडायची, अगदी पेरापाशी, नखानं. पांढरा चीक यायचा. आई म्हणायची, "भावजींनी सांगितलंय."

काकाची बोट त्या खेपेला लांबच्या फेरीवर लागली, आणि दोन वर्षांवर तो घरी आलाच नाही. पत्रं यायची ती चार ओळींची, खुशालीची. श्रोत्यांच्या आग्रहाखातर मी प्रत्येकात देवमाशाची खबर घालत असे.

दुसऱ्या वर्षी वेलीला दोनच तुरे आले. तिसऱ्या वर्षी काही नाही. वेल वाढत होती, वाशावर चढली होती, पानं तकतकीत. फूल मात्र नाही. चैत्र गेला, वैशाख गेला. आंबे उतरले, फणसाचा वास घरात भरला आणि विरला. पाऊस लागला. काकू रोज सकाळी वेलीखाली उभी राहून वर बघायची. तिनं डबा पूर्वेला टांगून पाहिला, पश्चिमेला टांगून पाहिला, पुन्हा जागेवर आणला. मी विचारलं तर म्हणायची, "काय नाय गो. बघतंय."

नारळी पौर्णिमा झाली. गणपती जवळ आले. पडवीला चुना काढायचा होता. आई कमरेवर भावाला घेऊन आली, चुन्याची बादली बघितली, वर टांगलेला डबा बघितला आणि काकूला म्हणाली,

"सुंदरा, हा डबा परसात टाक. गणपतीला पडवी मोकळी हवी." आणि मग, काही वाईट मनात नसताना, तोंडातून निघतं तसं निघालं, "जल्ला मेला! वांझ वेल किती दिवस जपायची?"

काकू पानं पुसत होती. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरातला पाळणा माझ्या भावाचा होता. तिचा हात एका पानावर थांबला. मग ती तेच पान पुसत राहिली, तेच पान, पुढून, मागून, पुढून.

आईचं तोंड तिखट होतं, पण मागाहून ठसका तिलाच लागायचा. तिनं भावाला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं. "तसं नाय म्हणत मी," ती म्हणाली. "गणपती येईतो ठेव. एक कळी दाखव, मग राहू दे कायमची."

"होय, वयनी," काकू म्हणाली.

गणपतीला आठ दिवस होते. काकूनं त्या आठ दिवसांत देवाकडे काय मागितलं ते मला माहीत नाही. मी स्वतः मात्र वेलीपुढे उभी राहून तिला फूल आण म्हणून दम दिला होता.

गणपतीला तीन दिवस उरले आणि मांडवीवर भोंगा झाला. काका आला. उन्हानं नाही, इंजिनाच्या धगीनं काळवंडलेला. पाय धुतले, गूळपाणी घेतलं, भावाला उचलून हवेत उडवलं. आई कौतुकानं म्हणाली, "भावजी, तो देवमासा परत भेटला काय हो?"

"कोण देवमासा?"

"तुमचा. डोळा मिचकावणारा."

काकानं आईकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. मी त्या वेळी खांबामागे जाता येतं का ते बघत होते.

"मी कुठल्या माशाबद्दल लिहिलं नाय," काका सावकाश म्हणाला. मग त्याची नजर वर गेली. "आणि हिला काय झालं? फूल नाय? देठं कुठं गेली हिची?"

"काढली," आई म्हणाली.

"काढली? वयनी, हिला फूल येतं ते त्याच देठावर येतं. दर वर्षी त्याच जागी. देठ गेलं की संपलं. मी लिहिलं होतं सरळ, देठ तोडू नये!"

तोडू नये. तोडून ये. माझ्या डोक्यात तो उरलेला 'ये' आपल्या जागी जाऊन बसला.  चुन्याचा ओला वास आणि दूरवर समुद्र.

काकू पुढे झाली. "पोरीनं वाचलं होतं बरोबर," ती काकाला म्हणाली. "मीच विसरले."

मी आईकडे बघितलं. पत्र तिनंही ऐकलं होतं. 'देठ तोडून' तिच्या कानांनी ऐकलं होतं. काकू खोटं बोलतेय हे घरात माझ्याखालोखाल तिला ठाऊक होतं. आता आई बोलणार आणि माझी पाठ सोलून निघणार.

"ती काय विसरत नाय," आई म्हणाली. "तोडली मी. माझ्या नखानं. देवाची घाई मला." आणि जमिनीकडे बघत, "वेलीत काय खोट नव्हती, सुंदरा. हात माझा वाईट."

एवढ्यावर मी जो गळा काढला तो म्हणे बंदरावर ऐकू गेला. सगळं ओकले: 'ये', 'हे', पसरलेली शाई, देवमासा. काका ऐकता ऐकता हसायला लागला, खांबाला धरून. "डोळा मिटला? कुठला मिटला, डावा की उजवा?"

डबा हलला नाही. त्या वर्षी गणपती आले ते वेलीच्या शेजारी बसले. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी काका कौलांची गळती बघायला वर चढला आणि तिथूनच ओरडला, "अगो, ये हिकडं!" वेलीचं एक टोक वाशाच्या मागे, आईचा हात पोचत नव्हता तिथे, शिरलं होतं. तिथे एक जुना देठ शाबूत होता. त्याच्या टोकाला मोहरीएवढ्या कळ्या.

उमलल्यावर काकानं वेलीचं टोक अलगद पुढे ओढून घेतलं. आईनं त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून पाहते तर आई पडवीत उभी. हातात ताम्हण, ताम्हणात बाळकृष्ण, आणि ताम्हण वेलीखाली धरलेलं. मधाचा थेंब टपकला की देवाच्या डोक्यावर. काका म्हणाला, "वयनी, एकेक फूल काढलं तर चालतं, देठ सोडून." आई म्हणाली, "नको. देवाला चार पावलं चालवलं तर काय होतंय?" पुढे ती जिवंत होती तोवर त्या फुलांच्या दिवसांत आमचा बाळकृष्ण रोज पडवीत यायचा.

मला शिक्षा झाली ती काकूकडून. काका बोटीवर गेल्यावर ती पाटी घेऊन माझ्यासमोर बसली. "आता मला मोडी शिकव."

"तुला? कशाला?"

"माझ्या पत्रात पुन्हा मासा नको."

थंडीभर दुपारच्या वेळी आम्ही बसलो. पडवीत वाळत घातलेल्या सुपाऱ्यांचा वास, परसात कोंबड्या, पाटीवर काकूचं हळू हळू चालणारं बोट. मी चौथी दोनदा नापास होऊन पुन्हा तिथेच होते, त्यामुळे शिकता शिकता शिकवत होते. फाल्गुनात काकूनं पेटीतून ते दोन पानी पत्र काढलं. पहिलं पान वाचलं. 'देठ तोडू नये' इथं तिनं बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून डोळा मिटला. अगदी देवमाशासारखा.

मग दुसरं पान. शाई पसरलेलं. ती एकेक अक्षर सोडवत मोठ्यानं वाचत गेली. "डबा बदलू नये. मुळे आवळून असली म्हणजे वेल सुखी असते... कधी कधी वर्षे जातात, फूल येत नाही... न आले तरी वेल टाकू नये. वयनींस माझे नाव सांगावे... मला नुसती पाने पुरे आहेत..."

तिथे तिचा आवाज थांबला. ओठ हलत होते. मी वाकून पाहिलं. शेवटची ओळ मलाही आता लागत होती: तुला पुरे आहेत ना, ते लिहून कळवावे.

अडीच वर्षं त्या प्रश्नाला उत्तर गेलं नव्हतं. त्या जागी मी एक मासा ठेवला होता.

काकूनं मला पोस्टकार्ड आणायला पाठवलं. पत्ता मी लिहिला. दुसऱ्या बाजूला तिनं आडवी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू खूप लिहायचंय. आणि त्या लांबलचक रेघेला दोनच अक्षरं टांगली.

पावसाळ्याआधी काका आला. फडताळात टोपी ठेवता ठेवता म्हणाला, "अगो, एवढं कार्ड, आणि त्यात नुसतं वेलीचं नाव? तेही चुकलंस. 'होया'चा काना द्यायला विसरलीस."

काकू वेलीची पानं पुसत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"विसरले नाय," ती म्हणाली.

काका टोपी ठेवायची विसरला. मी तिथून निघून गेले. आयुष्यात एवढ्या समजूतदारपणे मी फार थोड्या ठिकाणांहून निघून गेले आहे.

त्या घरात पाळणा पुन्हा हलला तो माझ्या भावाच्या मुलांसाठी. काका गेला, आई गेली, आणि काकू परवापरवा गेली, तोवर दर गुरुवारी पानं पुसत होती. डबा तोच आहे. वाशामागचा तो देठ दर वर्षी फुलतो आणि दर वर्षी केसभर लांब होतो. सुमननं कात्री लावली होती ती त्यालाच.

चहा निवला होता. सुमननं डोळे पुसले, कात्री फडताळात आत ठेवली आणि तिच्या टापटिपीला साजेसं, मुलाच्या रंगांतला पांढरा रंग आणि कुंचला घेऊन आली. "आत्याबाई, डब्यावर नाव लिहून ठेवते. म्हणजे कोणी चुकून हात लावणार नाही. काय म्हणालात नाव?"

मी सांगितलं.

तिनं जीभ दातात धरून सुंदर, गोल अक्षरांत लिहिलं. काना द्यायला विसरली. मी तसंच राहू दिलं.